पडल्यानंतर हेल्मेट ठेवावे की बदलावे?

गाडी घसरली की आमच्या भागात माणूस दवाखान्यात जातो, गाडी गॅरेजमध्ये जाते आणि हेल्मेट पुन्हा घरातल्या खुंटीवर जाते. हँडल वाकले का, फूटरेस्ट दुमडला का, हेडलाइट शाबूत आहे का, हे चार माणसे चार बाजूंनी पाहतात. हेल्मेटकडे कोणाचे लक्ष गेलेच, तर ते फुटलेले नाही एवढी खात्री करून घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच डोक्यावर चढते. हेल्मेट न वापरणाऱ्यांसाठी पुष्कळ लिहिले जाते. हा लेख वापरणाऱ्यांसाठी, आणि त्यांतही एकदा पडलेल्यांसाठी आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर मोटरसायकल चालवतो. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत गावाजवळच्या डांबरी रस्त्यावर शेतकरी दाणे वाळत घालतात. त्यात त्यांचाही नाइलाज असतो, कारण एवढे मोठे, कोरडे खळे आता फारसे कोणाकडे उरलेले नाही. अशाच एका वळणावर दाण्यांवरून माझे पुढचे चाक निसटले. वेग तिसाच्या आसपास असेल. उजवा कोपर सोलवटला, गुडघा सुजला आणि हेल्मेटची उजवी बाजू डांबराच्या कडेवर आपटली. डोक्याला काहीही झाले नाही. हेल्मेटवर कानाच्या वरच्या बाजूला दोन बोटे रुंदीचा ओरखडा होता आणि त्यात मुरमाची तांबडी धूळ भरली होती. चौकातल्या मिस्त्रीला दाखवले, तर तो म्हणाला, “काहाले बदलता, गुरुजी? निस्ती खरोच त हाय.” मलाही ते लगेच पटले, कारण बाराशे रुपये वाचत होते.

पुढचे दहा-बारा दिवस मी तेच हेल्मेट वापरले. दिवाळीच्या साफसफाईत धुण्यासाठी आतले अस्तर काढले, तेव्हा ओरखड्याच्या बरोबर मागे थर्माकोलमध्ये रुपयाच्या नाण्याएवढी जागा चपटी झालेली दिसली. तिथले दाणे गोल राहिले नव्हते. एकमेकांत दबून ते काचेसारखे चकाकत होते, आणि त्या जागेपासून कडेपर्यंत केसाएवढी बारीक भेग गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही कळणे शक्य नव्हते. नंतर मी ते हेल्मेट हॅक्सॉच्या पात्याने एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कापले आणि कंपासपेटीतल्या पट्टीने थर्माकोलचा थर मोजला. डावीकडे २८ मिलीमीटर होता. उजवीकडे, नेमक्या त्याच उंचीवर, २२.

डोके वाचवतो तो थर्माकोल

हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच पाहून आपली समजूत अशी होते की, डोक्याचे रक्षण तेच करते. कवचाचे काम वास्तविक मर्यादित आहे. टोकदार दगड आत घुसू न देणे, मार एका बिंदूवर न राहू देता थोड्या मोठ्या जागेवर पसरवणे आणि रस्त्यावरून सरकताना अडकू न देणे, एवढे ते करते. डोक्याचा वेग खऱ्या अर्थाने जिरवतो तो आतला थर्माकोलचा थर. या थर्माकोलमध्ये नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक भाग हवेचाच असतो. डोके आतून आपटले की त्याचे दाणे चिरडतात, आणि ते चिरडले जाईपर्यंतच्या दीड-दोन सेंटीमीटरच्या प्रवासात डोके थांबते. चिरडलेला दाणा पुन्हा मूळचा होत नाही. अस्तराचा मऊ स्पंज हा केवळ सोयीसाठी असतो. त्याच्या भरवशावर राहू नये.

शाळेतले साधे गणित केले तरी हे स्पष्ट होते. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीला टेकताना ताशी सुमारे १९ ते २० किलोमीटर वेगाने येते. थांबताना डोक्यावर सरासरी किती ताण येईल, हे काढायचे असेल तर पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे. १५० सेंटीमीटर भागिले २ सेंटीमीटर म्हणजे ७५, अर्थात गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पट. थर्माकोल आधीच दबलेला असेल आणि थांबायला १ सेंटीमीटरच मिळाला, तर हाच आकडा १५० होतो. उघडे डोके डांबरावर आपटले आणि जेमतेम ३ मिलीमीटरमध्ये थांबले, तर ५००. माझ्या हेल्मेटचे सहा मिलीमीटर गेले होते, याचा अर्थ या हिशेबात पाहावा.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी पाराजवळ बसून अपघाताची चर्चा करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. “गाडी तर वीसच्या वर नव्हती” असे सांगून हेल्मेट ठेवून घेतले जाते. परंतु वरच्या हिशेबात गाडीचा वेग कुठेही आलेला नाही. माणूस सपाट रस्त्यावर घसरतो तेव्हा गाडीचा पुढे जाण्याचा वेग बहुतांशी फरफटण्यात खर्च होतो. डोक्याला जो मार बसतो तो मुख्यतः वरून खाली पडण्याचा असतो. त्यामुळे पांदण रस्त्यावर चिखलात गाडी जागच्या जागी आडवी झाली आणि डोके दगडावर आपटले, तरी हेल्मेटला बसणारा मार किरकोळ नसतो. झाड, पुलाचा कठडा, उभी ट्रॉली किंवा समोरून आलेला रोही (नीलगाय) यांवर डोके आदळले, तर मात्र गाडीचा वेगही त्यात मिळतो आणि मग हेल्मेट ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आधी डोके, मग हेल्मेट

रस्त्यावर पडलेला माणूस बेशुद्ध असेल, तर जमलेली मंडळी सर्वांत आधी त्याचे हेल्मेट ओढून काढतात. हे करू नये. मानेला इजा झाली असल्यास त्या ओढाताणीत ती वाढू शकते. काच वर करावी, श्वास चालू आहे का ते पाहावे, डोके व मान हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास अडत असेल किंवा उलटी होऊन गुदमरत असेल, तर मात्र हेल्मेट काढावेच लागते. ते दोघांनी मिळून काढावे. एकाने खालून मान आणि डोक्याची मागची बाजू धरून स्थिर ठेवावी, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट दोन्ही बाजूंनी किंचित फाकवत हळूहळू वर सरकवावे.

स्वतः उठून उभे राहता आले म्हणजे सगळे ठीक आहे, असेही नाही. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झापड, बोलण्यात गोंधळ, हातापायाला कमजोरी, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाणी येणे, यांतले काहीही पुढच्या एक-दोन दिवसांत दिसले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा. जाताना हेल्मेट बरोबर न्यावे. मार कुठे आणि कोणत्या दिशेने बसला, हे ते पाहून डॉक्टरांना कळते. विम्याचा दावा करायचा असेल, तर त्याचे आतून-बाहेरून फोटोही काढून ठेवावेत.

निर्णय कसा करावा

माझ्या मते पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न एवढाच आहे : हेल्मेट आपटले, त्या वेळी त्यात डोके होते का?

डोके आत होते आणि हेल्मेट जमिनीवर, दगडावर किंवा गाडीवर आपटले, याची खात्री असेल, तर हेल्मेट बदलावे. बाहेर ओरखडा किती लहान आहे, याचा विचार करू नये. चार-पाच किलो वजनाचे डोके आतून थर्माकोलवर दाबले गेलेले असते. त्यातही गंमत अशी की, दाबलेला थर्माकोल नंतर थोडासा फुगून वर येतो, त्यामुळे चार दिवसांनी तपासणाऱ्याला खळगा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. हेल्मेट तयार करणारेही एका मोठ्या मारानंतर ते बदलण्यास सांगतात. विकणाऱ्याचा त्यात फायदा आहे म्हणून त्या सूचनेकडे संशयाने पाहणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, मीही त्यांतला होतो. पण कापलेले हेल्मेट समोर ठेवल्यावर तो संशय टिकला नाही.

माणूस पडला, पण हेल्मेट कशालाही लागले नाही, असेही होते. पडताना हात पुढे येतात, खांदा टेकतो आणि मान आखडल्यामुळे डोके वरच राहते. अशा वेळी हेल्मेट बदलण्याची गरज नाही. अडचण इतकीच की, पडणाऱ्याला स्वतःला हे क्वचितच नीट आठवते. म्हणून आठवणीवर न जाता हेल्मेटवर जावे. ओल्या फडक्याने पुसण्याआधी ते उन्हात धरून सावकाश फिरवावे. ताज्या ओरखड्यात डांबराचा काळा अंश, मुरमाची धूळ किंवा गवताचा हिरवा डाग असतो. जुना ओरखडा गुळगुळीत आणि मळकट असतो. पाहणारा कोणी असेल तर त्यालाही विचारावे. ताजी खूण सापडली, तर मार बसला असे समजावे.

तिसरा प्रकार रिकाम्या हेल्मेटचा. आरशावर अडकवलेले किंवा टाकीवर ठेवलेले हेल्मेट वाऱ्याने, धक्क्याने खाली पडते. हे आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत घडते आणि त्यावरून दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, एकदा पडले की हेल्मेट गेले. दुसरा म्हणतो, काहीही होत नाही. खरे यांच्या मध्ये, पण दुसऱ्या पक्षाच्या जवळ आहे. आत डोके नसल्याने थर्माकोलला आतून दाबणारे काही नसते. हेल्मेटचे स्वतःचे वजन किलो-सव्वा किलो असते आणि तो मार कवच सोसते. एक मीटर उंचीवरून एखाद्या वेळी पडलेले रिकामे हेल्मेट तपासून पुढे वापरायला हरकत नाही. मात्र ‘रिकामे’ हा शब्द काटेकोरपणे घ्यावा. बाजारातून येताना हेल्मेटमध्ये नारळ, कुलूप, डबा किंवा वांगी-टमाट्यांची पिशवी ठेवून ते हँडलला अडकवण्याची पद्धत सर्वत्र आहे. असे भरलेले हेल्मेट सिमेंट रस्त्यावर पडले, तर आतली वस्तू डोक्याचेच काम करते. नारळ असेल, तर विचारायलाच नको. हँडलला अडकवलेल्या हेल्मेटवर गाडीच आडवी झाली, त्यावरून चाक गेले, किंवा धावत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ते खाली पडून लोळत गेले, तर ते रिकामे असूनही बदलावे.

तपासणी

ज्यांना बदलण्याची गरज नाही असे वरवर दिसते, त्यांनी ही तपासणी करावी. तिची मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी : तपासणीतून हेल्मेट खराब आहे असे निश्चित सांगता येते, ते चांगले आहे असे निश्चित सांगता येत नाही. त्यामुळे डोके आत असताना मार बसलेले हेल्मेट ‘तपासणीत काही निघाले नाही’ म्हणून परत वापरात आणू नये.

दिवसा, उजेडाच्या जागी बसावे. गालांच्या गाद्या बहुतेक हेल्मेटमध्ये प्रेस-बटणावर असतात. त्या धरून सरळ ओढल्या की सुटतात. नंतर टाळूचे अस्तर काढावे. स्वस्त हेल्मेटमध्ये अस्तर चिकटवलेले असते. ते फाडण्यापेक्षा त्याची कड जितकी उचलली जाईल तितकी उचलून पाहावे. आता मोबाइलचा टॉर्च थर्माकोलवर सरळ न मारता अगदी कडेने, जवळजवळ समांतर धरावा. सरळ उजेडात सपाट वाटणारा पृष्ठभाग तिरक्या उजेडात आपले खळगे दाखवतो, कारण प्रत्येक खळग्यात सावली पडते. चपटे किंवा चकाकणारे दाणे, भेग, कवचापासून सुटलेला थर, यांतले काहीही दिसले की तपासणी तिथेच संपली. काही दिसले नाही, तर दोन्ही हातांचे अंगठे समोरासमोरच्या जागांवर ठेवून एकाच वेळी हलकेच दाबत पुढून मागे जावे. डावी आणि उजवी बाजू बोटांना सारखीच लागली पाहिजे. टाचणी किंवा खिळा टोचून जाडी मोजण्याचा मोह काहींना होतो. तेवढे मात्र करू नये.

मग कवच. हेल्मेट कानांच्या ठिकाणी दोन्ही तळव्यांमध्ये धरून बेताने दाबावे आणि कान जवळ न्यावा. करकर असा आवाज आला, तर कवचाला भेग आहे किंवा थर सुटला आहे. रंगाच्या थरातील बारीक तडे नखाला लागत नाहीत. कवचाची भेग नखाला अडते. फायबरच्या कवचाच्या बाबतीत माठ घेताना आपण जी टिचकी मारतो, तीही उपयोगी पडते. सर्व बाजूंनी बोटाच्या पेराने वाजवत जावे. एकाच जागी आवाज बसका येत असेल, तर तिथले थर आतून उकललेले असण्याचा संभव आहे. ही परीक्षा प्लास्टिकच्या कवचावर फारशी चालत नाही.

पट्ट्याकडे लोक सर्वांत कमी पाहतात, आणि डोक्यावरून निघून गेलेले हेल्मेट काहीच कामाचे नसते. पट्टा जिथे कवचाला रिव्हेटने बसवलेला असतो, तिथे कवच ताणले किंवा फाटले आहे का, शिवण उसवली आहे का आणि लॉक ‘खट्’ आवाज करून बसते का, हे पाहावे. लॉक लावून दोन्ही हातांनी जोरात ओढावे. शेवटी हेल्मेट घालून, पट्टा बांधून, दुसऱ्या माणसाला मागची कड धरून ते वर-पुढे ढकलायला सांगावे. ते डोळ्यांवर उतरत असेल किंवा निघूनच येत असेल, तर थर्माकोल कितीही चांगला असला तरी ते हेल्मेट आपले नव्हे.

काच ओरखडली असेल, तर केवळ काच बदलावी. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश ओरखड्यांत पसरतो आणि दिवे नसलेली, कापूस भरलेली बंडी (बैलगाडी) अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

न पडताही खराब होणारी हेल्मेटे

शेतकऱ्याच्या घरात हेल्मेटचे शत्रू रस्त्याइतकेच घरातही असतात. पहिला उंदीर. खुंटीवरच्या हेल्मेटमध्ये पावसाळ्यात उंदराने अस्तर कुरतडून बिऱ्हाड केलेले मी दोन घरांत पाहिले आहे. थर्माकोल त्याला फार सोपा जातो. दुसरा पेट्रोल. पेट्रोल किंवा थिनर लागले की थर्माकोल साखरेसारखा विरघळतो. त्यामुळे हेल्मेटवरचा डांबराचा डाग पेट्रोलच्या बोळ्याने पुसू नये, नाव टाकण्यासाठी त्यावर रंगाचा स्प्रे मारू नये आणि फवारणीच्या पंपासाठी नेलेल्या पेट्रोलच्या बाटलीशेजारी ते ठेवू नये. तिसरे ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या टाकीवर तासन्‌तास पडलेल्या हेल्मेटचा गोंद सुटतो आणि अस्तराचा स्पंज भुसभुशीत होतो. सावलीत ठेवणे एवढाच उपाय आहे. चौथा शत्रू म्हणजे आपली सोय : हेल्मेट आरशावर दाबून बसवले की आरशाची कड आतून थर्माकोलमध्ये रुतते आणि न पडताच खळगा तयार होतो.

वयाचाही प्रश्न असतोच. घाम, केसांचे तेल आणि रोजची हाताळणी यांचा विचार करून अमेरिकेतील स्नेल फाउंडेशन ही १९५७ मध्ये स्थापन झालेली हेल्मेट-चाचणी संस्था दर ५ वर्षांनी हेल्मेट बदलण्याची शिफारस करते. आमच्याकडच्या घामाचा आणि उन्हाचा विचार करता मी तरी हा आकडा वाढवणार नाही. पाच वर्षांचे हेल्मेट पडले आणि काय करावे कळत नसेल, तर तिथे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

भेगेवर एम-सील लावून, घासून, रंग मारून देणारे कारागीर तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. दिसायला ते काम सुबक असते. चिरडलेल्या थर्माकोलवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि रंगातील थिनर आत उतरला तर उरलेलाही बिघडतो.

नवे येईपर्यंत, आणि जुन्याचे काय

गावात हेल्मेटचे दुकान नसते आणि महिन्याच्या अखेरीस हातात पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी “हे तर खराबच आहे” म्हणून उघड्या डोक्याने गाडी चालवणे ही त्याहून मोठी चूक ठरेल. मार बसलेले हेल्मेट एका जागी कमकुवत झालेले असते. बाकीच्या जागा अजून काम करतात, आणि पट्टा धड असेल तर ते उघड्या डोक्यापेक्षा निश्चितच बरे. ते घालूनच तालुक्याला जावे आणि येताना नवे घालून यावे. फक्त ‘पुढच्या बाजाराला’ म्हणत त्याचे सहा महिने होऊ देऊ नयेत. चांगल्या, प्रमाणित हेल्मेटला हजार ते दोन हजार रुपये लागतात. गाडीची टाकी दोनदा पूर्ण भरण्याइतकाच तो खर्च आहे.

नवे घेताना महामार्गाच्या कडेला झाडाखाली मांडलेल्या ढिगातून घेऊ नये. तिथली कित्येक हेल्मेटे आतून नुसता स्पंज लावलेली असतात. अस्तर उचलून थर्माकोल आहे की नाही, हे दुकानातच पाहावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्ह असलेलेच हेल्मेट विकता येते. हे चिन्ह म्हणजे केवळ तीन अक्षरे नव्हेत. त्याच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे दिसते. दुकानदाराला याचा राग येत असेल, तर दुसरे दुकान पाहावे.

माप हा आमच्याकडचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, कारण घरात एकच हेल्मेट असते आणि ते आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घालतात. भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजावी. मोजमाप ५८ सेंटीमीटर आले, तर ५८० मिलीमीटरचे हेल्मेट घालून पाहावे. उन्हाळ्यात आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट घालतो. त्या जाड दुपट्ट्यावर माप घेतले, तर पावसाळ्यात तेच हेल्मेट डोक्यावर गरगर फिरते. त्यामुळे माप उघड्या डोक्यावर घ्यावे आणि दुपट्टा हवाच असेल, तर तो सुती, एकपदरी ठेवावा. मागे बसणाऱ्या घरधनिणीचे हेल्मेट घेताना अंबाडा खाली, मानेवर बांधून माप पाहावे. मुलाची सायकलची टोपी मोठ्या माणसाने मोटरसायकलवर वापरू नये. ती वेगळ्या मानकाची असते. सायकलचे हेल्मेटही डोक्यासकट आपटले की बदलावयाचे असते, आणि त्याचे कवच पातळ असल्याने तिथे शंकेला आणखी कमी जागा आहे. घेतल्या दिवशीच आतल्या कागदी लेबलवर बॉलपेनने खरेदीचा महिना आणि वर्ष लिहावे. मार्कर पेन थर्माकोलवर वापरू नये.

जुन्याचे काय करायचे, यात आपली माणुसकी आड येते. ‘फेकण्यापेक्षा गड्याला देऊ’ असे म्हणून खराब हेल्मेट शेतावरच्या माणसाला दिले जाते, किंवा भंगारवाल्याकडे जाते आणि तिथून रंग लावून पुन्हा बाजारात येते. जे आपल्या डोक्याला चालत नाही, ते त्याच्या डोक्यालाही चालणार नाही. म्हणून घरातून बाहेर काढण्याआधी पट्टा दोन्ही बाजूंनी मुळातून कापावा आणि कवचावर खिळ्याने मोठी फुली कोरावी. माझ्या हेल्मेटचा एक अर्धा भाग शाळेत विज्ञानाच्या कपाटात आहे. मुले त्याची दोन्ही टोके पट्टीने मोजतात. दुसरा अर्धा धुऱ्यावरच्या बुजगावण्याच्या डोक्यावर तारेने बांधला आहे. तुरीत शिरणाऱ्या रानडुकरांवर त्याचा काही परिणाम झालेला दिसला नाही.